साहेबांविषयीचा संदेश ग्रुपवर गेला. आता बदली मागू का?

प्रश्न : मी नाशिकला सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात नऊ वर्षे नोकरी करते. पंधरा दिवसांपूर्वी ऐन सुटण्याच्या वेळी साहेबांनी बैठक बोलावली. पंचवटीची बस चुकणार म्हणून चिडून, टेबलाखाली फोन धरून मी बहिणीला लिहिले, ‘यांना घरी कोणी विचारत नाही, म्हणून आम्हाला बसवून ठेवतात.’ ते गेले विभागाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, आणि घाबरून पुसायला गेले तर ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ऐवजी ‘डिलीट फॉर मी’ दाबले गेले. साहेबांनी तिथेच फोन पाहिला, चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि रिजेक्शनचे आकडे पुढे वाचू लागले. तेव्हापासून आमचे बोलणे कामापुरतेच आहे. कँटीनमध्ये कोणी हसले की मलाच हसतात असे वाटते. बदली मागू का?

उत्तर : साहेबांशी बोलण्याआधी बदलीचा अर्ज मुळीच देऊ नका, कारण तो मंजूर झाला तर ते एक वाक्य हेच तुमचे त्या विभागातले शेवटचे बोलणे ठरेल.

तुमच्या संदेशात दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत. सुटण्याच्या वेळी बैठक लावली जाते ही तक्रार आहे आणि ती रास्त आहे; ‘घरी कोणी विचारत नाही’ हे मात्र एका माणसाच्या घरावर बोलणे आहे, आणि त्यांना लागले असेल ते तेच. माफी मागायची ती एवढ्याच भागाची. केबिनमध्ये, समक्ष, कोणी नसताना सांगा : ‘साहेब, तुमच्या घराविषयी मी जे लिहिले ते लिहायला नको होते. हे सांगायला मला पंधरा दिवस लागले, त्याचेही वाईट वाटते.’ इथे थांबा. बस चुकत होती हे खरे असले तरी ते त्या क्षणी जोडू नका, कारण मग माफी बाजूला राहून सफाई सुरू होते. फोन मुलाच्या हातात होता वगैरे थाप तर नकोच नको. ग्रुपवरही माफीनामा टाकू नका, नाहीतर जे विसरले असतील त्यांनाही आठवण होईल.

‘डिलीट फॉर मी’ दाबल्यावर संदेश फक्त आपल्या फोनवरून जातो आणि ‘अनडू’ जेमतेम पाच सेकंद दिसते. सर्वांसाठी पुसण्याची मुदतही साधारण अडीच दिवसांचीच असते. ग्रुपच्या ॲडमिनला इतरांचा संदेश काढता येतो, पण ती विनंती आता करू नये असे माझे मत आहे.

कँटीनमधल्या हसण्याविषयी एक सांगते. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातील थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, लाज वाटेल असा टी-शर्ट घालून विद्यार्थ्यांना इतरांसमोर पाठवले होते. जवळजवळ निम्म्या लोकांचे लक्ष गेले असेल असे त्यांना वाटले, प्रत्यक्षात गेले होते सुमारे पाव लोकांचे. तुमचा संदेश सर्वांनी वाचला असेल हे खरे, पण पंधरा दिवसांनंतरही डबा खाताना सगळे तोच घोळवत असतील असे मला वाटत नाही.

उरली तक्रार. ती सोडू नका, फक्त माफीच्या दिवशी काढू नका. दोन-तीन आठवड्यांनी, पुन्हा तशी बैठक लागली की दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांना विचारा, ‘बैठक तासभर आधी घेता येईल का? माझी पंचवटीची बस चुकते.’