इन्सुलिनचा ‘ऱ्हास’ की ‘विघटन’?

मधुमेहावरच्या माहितीपत्रकाचं मराठीकरण करणाऱ्या एका ताईंनी विचारलंय : ‘इन्सुलिन-डिग्रेडिंग एन्झाइम’ला ‘इन्सुलिनचा ऱ्हास करणारे विकर’ म्हटलं तर चालेल का?

‘विकर’ उत्तम, शाळेच्या पुस्तकांमुळे ओळखीचंही. ‘ऱ्हास’ मात्र नको. जंगलांचा ऱ्हास, मूल्यांचा ऱ्हास म्हणजे हळूहळू खालावत जाणं. शिवाय त्यात हळहळ असते. इथे तसं काही नाही. काम झालेलं इन्सुलिन मोडीत निघायलाच हवं, नाहीतर साखर उतरतच राहील. ‘इन्सुलिननाशक’ही मला पटत नाही, कारण त्याने कीटकनाशकाची आठवण होते आणि इन्सुलिन काही कीड नव्हे.

हे विकर नेमकं करतं काय, ते पाहिलं की क्रियापद आपोआप सुचतं. करंजीचा साचा डोळ्यांसमोर आणा. दोन वाट्या आणि मध्ये बिजागरी. या विकराचीही दोन अर्धुकं 28 अमिनो आम्लांच्या दुव्याने जोडलेली आहेत. साचा उघडतो, इन्सुलिन सारणासारखं आत जातं, साचा मिटतो. आतल्या पोकळीच्या भिंतीत जस्ताचा एक अणू बसलेला असतो. त्याच्या मदतीने पाण्याचा रेणू वापरून कापाकापी होते. पोकळी मर्यादित असल्याने मोठी प्रथिनं आत मावतच नाहीत.

इन्सुलिनमध्ये 21 आणि 30 अमिनो आम्लांच्या दोन साखळ्या असतात, एकमेकींना गंधकाच्या दोन बंधांनी बांधलेल्या. विकर साखळ्या कापतं, पण त्या बंधांना हात लावत नाही. मराठीत ‘तुटणं’ आणि ‘सुटणं’ वेगळं आहे, तोच हा फरक! साखळी तुटते, गाठ सुटत नाही.

म्हणून शीर्षकात ‘इन्सुलिन-विघटक विकर’ लिहा. पण नुसतं ‘विघटक’ लिहू नका, त्याने बुरशी आणि जिवाणू आठवतात. 1949 साली मर्स्की आणि ब्रो-कान या संशोधकांनी दिलेलं ‘इन्सुलिनेज’ हे नाव सुटसुटीत आहे, तेही एकदा कंसात द्यावं. नावात इन्सुलिन असलं तरी हे विकर ग्लुकागॉन हे रक्तातली साखर वाढवणारं संप्रेरकही तोडतं, आणि अल्झायमरशी जोडलं जाणारं मेंदूतलं अमायलॉइड-बीटाही. हे एका ओळीत सांगाच.

आणि मजकुरातलं वाक्य असं करा : ‘हे विकर इन्सुलिनच्या साखळ्या तोडते, त्यांना बांधणाऱ्या गंधकाच्या गाठी मात्र सोडवत नाही.’