जिल्हा परिषदेच्या संकेतस्थळाचा कार्यभार आला आहे, अडचण आली तर मदत कोणाकडे मागायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सामान्य प्रशासन विभागात बदली झाली, संकेतस्थळाचा कार्यभार गळ्यात पडला, ठेकेदाराचा करार संपलाय आणि कोणाला फोन करायचा तेच कळत नाही.

मदत भरपूर आहे, त्यातली बरीचशी फुकट आहे. पण तक्रार चुकीच्या टेबलावर गेली की महिनाभर फिरत राहते. म्हणून आधी चार गोष्टी कोणाच्या ताब्यात आहेत ते लिहून काढा: डोमेन, सर्व्हर, सॉफ्टवेअर आणि मजकूर.

'गव्ह डॉट इन' डोमेन (संकेतस्थळाचा पत्ता) फक्त एनआयसी, म्हणजे केंद्राचं राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र देते. तिथल्या नोंदीत कोणाचं नाव, मोबाइल आणि ई-मेल आहे ते आजच बघा. बहुतेक ठिकाणी बदलून किंवा निवृत्त होऊन गेलेल्या अधिकाऱ्याचं असतं. नूतनीकरणाच्या सूचना त्याला जात राहतात आणि एक दिवस संकेतस्थळ बंद पडतं. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या सहीचं पत्र देऊन नोंद बदला. ई-मेल पदनामाचा द्या, व्यक्तीचा नको.

सर्व्हर ओळखायला सोपी खूण आहे. मुखपृष्ठावरच्या एखाद्या फोटोचा पत्ता नव्या टॅबमध्ये उघडा. त्यात 'एस3वास' (s3waas) हे एनआयसीच्या तयार संकेतस्थळ-सांगाड्याचं नाव दिसलं तर तुम्ही सुखी आहात. सर्व्हर, सॉफ्टवेअरचे अपडेट, त्या सांगाड्याची सुरक्षा हे सगळं एनआयसी बघते, तुमच्याकडे फक्त मजकूर. पहिली विचारणा जिल्हा सूचना विज्ञान अधिकाऱ्यांकडे (कार्यालय सहसा जिल्हाधिकारी कार्यालयात), नंतर एनआयसी सर्व्हिस डेस्क, 1800-111-555. तिकीट क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. तक्रारीत पानाचा पूर्ण पत्ता, वेळ, त्रुटीचा स्क्रीनशॉट आणि कार्यालयाच्या नेटवर तसंच मोबाइलच्या नेटवर काय दिसतं, हे चारही लिहा. 'साइट चालत नाही' एवढंच लिहिलं तर पलीकडचा माणूस हेच चार प्रश्न विचारणार, त्यात दोन दिवस गेले.

संकेतस्थळ ठेकेदाराने बनवलेलं असेल तर मामला वेगळा, आणि इथे पैसे लागतात. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या यादीतल्या संस्थेकडून सुरक्षा लेखापरीक्षण करून घ्यावं लागतं. ते चाचणी सर्व्हरवरच्या प्रतीवर होतं. पहिला अहवाल येतो, ठेकेदार त्रुटी दुरुस्त करतो, पुन्हा तपासणी होते, मग प्रमाणपत्र. वेळ जातो तो दुरुस्तीत. करार संपलेला असेल तर दुरुस्त करणारा कोणी नसतो आणि अहवाल फाइलला लागून राहतो. पुढच्या करारात तीन अटी घालाच: लेखापरीक्षणातल्या सगळ्या त्रुटी त्याच दरात दूर करणं, सोर्स कोड (संकेतस्थळाची मूळ प्रणाली) आणि डेटाबेस ताब्यात देणं, आणि करार संपताना त्याची सर्व लॉगिन बंद करणं. प्रमाणपत्र तपासलेल्या आवृत्तीपुरतं असतं. नवा ऑनलाइन अर्ज किंवा नवं मॉड्यूल जोडलं की ते जुनं झालं.

शेवटची अट का, ते सांगतो. सर्च इंजिनमध्ये 'साइट:' (site:) लिहून पुढे तुमचं डोमेन आणि 'कॅसिनो' किंवा 'रमी' टाकून बघा. सरकारी संकेतस्थळांवर जुगाराची पानं सापडतात, आणि मुखपृष्ठ ठणठणीत दिसत असल्याने कार्यालयात कोणाला पत्ता नसतो. कारणं साधारण तीन: लॉगिनशिवाय कोणतीही फाइल चढवू देणारा ऑनलाइन अर्ज, बंद केलेल्या सर्व्हरकडे अजून बोट दाखवणारं जुनं उपडोमेन, किंवा जुन्या ठेकेदाराचं चालू राहिलेलं ॲडमिन खातं. ती पानं नुसती उडवली तर आठवड्यात परत येतात. आधी लॉगची (सर्व्हरवर कोण कधी आलं, काय केलं याच्या नोंदींची) प्रत काढून ठेवा, मग पासवर्ड बदला, मग भोक बुजवा. सर्ट-इनच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत सर्ट-इनला कळवणं बंधनकारक आहे आणि लॉग 180 दिवस जपावे लागतात. साहेबांच्या मंजुरीसाठी टिपणी फिरवत बसलात तर 6 तास कधीच संपतात. कळवायचं कोणी, हे आदेश काढून आधीच ठरवून ठेवा.

मजकुराच्या बाबतीत मात्र कुठलीच एनआयसी मदतीला येणार नाही. माहिती अधिकाराच्या कलम 4(1)(ख) मधले 17 मुद्दे असोत की भरतीची यादी, ते त्या-त्या विभागानेच द्यायचं. प्रत्येक पानासमोर एका पदनामाचं नाव लिहिलेली यादी मंजूर करून घ्या.

राज्यात 2025 च्या 100 दिवसांच्या कार्यक्रमात संकेतस्थळाला गुण होते, तेव्हा अनेक कार्यालयांनी अक्षर लहान-मोठं करणारी बटणं घाईने बसवली. त्याने संकेतस्थळ सुगम, म्हणजे दिव्यांगांनाही वापरता येईल असं, होत नाही. जीआयजीडब्ल्यू 3.0 (2023) या सरकारी संकेतस्थळांच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये डब्ल्यूसीएजी 2.1 या आंतरराष्ट्रीय सुगमता निकषांचा 'एए' स्तर अपेक्षित आहे आणि जीआयजीडब्ल्यूचं प्रमाणपत्र एसटीक्यूसी ही केंद्राची गुणवत्ता तपासणी संस्था देते. आपल्याकडे सगळ्यात जास्त घोळ पीडीएफमध्ये असतो. सही-शिक्क्याचं पत्र स्कॅन करून चढवलं की स्क्रीन रीडरला (दृष्टिहीनांसाठी पान वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला) ते कोरं पान. कृतिदेव किंवा श्रीलिपी या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टंकलेली पीडीएफ तर आणखी फसवी, दिसते छान, पण आत निरर्थक इंग्रजी अक्षरं. एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा, लगेच कळेल. मूळ फाइल युनिकोडमध्ये बदलून पुन्हा पीडीएफ करा. शासन निर्णय तर चढवूच नका, 18 अंकी संगणक सांकेतांकासह राज्याच्या संकेतस्थळावरचा दुवा द्या.

ठेकेदाराच्या सर्व्हरवर असाल तर एसएसएल प्रमाणपत्राच्या (पत्त्यात 'https' दाखवणाऱ्या सुरक्षित जोडणीच्या) तारखाही बघा. कमाल मुदत 398 दिवसांची होती. 15 मार्च 2026 पासून ती 200 दिवस, 2027 च्या त्याच तारखेपासून 100 आणि 2029 पासून 47 दिवस. वर्षातून एकदा खरेदीची फाइल चालवून हे भागणार नाही, आपोआप नूतनीकरणाची सोय करारातच मागा.