युवा गटात येणारे स्वयंसेवक दोन-तीन आठवड्यांतच गळतात. त्यांना टिकवायचं कसं?

बहुतेक वेळा उत्साह कमी पडत नाही, काम नेमकं ठरलेलं नसतं. नवा माणूस येतो, दाराजवळ उभा राहतो, मुलं आपल्या नादात, आणि त्याला काय करायचं हे कोणी सांगत नाही. असे दोन रविवार गेले की तो येत नाही.

म्हणून पहिल्या दिवसाआधीच अर्ध्या पानावर लिहून द्या: वार, वेळ, कोणती 5-6 मुलं त्याच्याकडे, अडचण आली तर कोणाला विचारायचं. पहिली दोन सत्रं जुन्या स्वयंसेवकासोबत जोडीने. ओळखपत्र आणि आधीच्या कामाची चौकशी यांत सवलत नको, आणि एकटा मोठा माणूस एकट्या मुलासोबत बंद खोलीत कधीच नको. हा नियम दोघांनाही जपतो.

स्वयंसेवकासोबत मुलं वस्तीसाठी जे सेवेचं काम करतात, ते मुलांनाच निवडू द्या. मोठ्यांनी ठरवलेली साफसफाई मुलांना शिक्षा वाटते. स्वतः वस्तीत फिरून, चार लोकांशी बोलून निवडलेलं काम ती नेटाने करतात. काम संपल्यावर 15 मिनिटं गोल बसून बोला: काय जमलं, कोणाला उपयोग झाला, पुढे काय. घाईत हेच गाळलं जातं, आणि खरं शिकणं तिथेच होतं.