स्वस्त विटेची चौकशी कर

इंदूरच्या खरेदी विभागात रुजू झालीस, तर एक सांगते. सर्वांत कमी दराचं टेंडर आलं की आधी मजुरीचा हिशेब माग. किमान वेतनाचा दर धरून विटेची किंमत बसत नसेल, तर ती तूट कुणाच्या तरी घामातून भरली जातेय. किमान वेतनाहून कमी मजुरी म्हणजे सक्तीची मजुरीच, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली आशियाई खेळांच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात राज्यघटनेच्या कलम २३ च्या आधारे सांगितलं आहे.

नुसत्या हमीपत्रावर विसंबू नकोस. ते सगळेच देतात. हंगाम चालू असताना भट्टीवर जा. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, किती दिली, आधार कार्ड कुणाजवळ आहे, हे मालक नसताना विचार. हजेरीत फक्त नवऱ्याचं नाव असतं, आणि विटा थापते बायकोही! मला सर्वांत जास्त राग याचाच येतो.

वेठबिगारीची शंका आली तर लगेच ठेका रद्द करू नकोस, मजूर रातोरात हलवले जातात. आधी कलेक्टरांना लेखी कळव. वेठबिगारी निर्मूलनाच्या १९७६ च्या कायद्याने सुटकेची जबाबदारी त्यांची आहे, आणि कर्ज वेठबिगारीचं नाही हे सिद्ध करायचं ओझं सावकारावर, म्हणजे उचल देणाऱ्यावर आहे.