वेल्श गावांच्या नावातलं 'ल्लान' : गाव, चर्च की वाडी?

तुम्ही विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. वेल्समधल्या ल्लानिउख्लिन या लहानशा गावाचं वर्णन मराठीत आणताना 'ल्लान' हा शब्द पावलोपावली आडवा येतो. गावाच्या नावात तो आहेच, शिवाय नुसता 'अ ल्लान' असाही येतो (यातला 'अ' म्हणजे वेल्शमधलं उपपद, इंग्रजीतल्या 'द'सारखं). कोशात अर्थ 'चर्च' दिलेला असतो, पण वाक्यात कधी तो गावाबद्दल असतो, कधी शाळेबद्दल. मराठीत काय लिहावं? 'वाडी' चालेल का? आणि देवनागरीत हा शब्द उतरवायचा कसा?

आधी मूळ अर्थ सांगतो. ल्लान म्हणजे गावही नव्हे आणि चर्चही नव्हे. ल्लान म्हणजे कुंपण घालून घेरलेली, साफ केलेली जमीन. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातल्या लांदेर्नो, इंग्लंडच्या नैऋत्य टोकाच्या कॉर्नवॉलमधल्या लनहायड्रॉक अशा नावांतला 'लान' हाच. इंग्रजीतला 'लँड' आणि फ्रेंचमधला माळरान या अर्थाचा 'लांद' हेही त्याचे दूरचे नातलग. म्हणजे शब्द मुळात जमिनीचा आहे. देवाधर्माचा अर्थ त्याला नंतर चिकटला.

तो कसा चिकटला हे वेल्समधल्या जुन्या चर्चचं आवार पाहिलं की कळतं. पाचव्या-सहाव्या शतकात साधू-संन्यासी एखाद्या दरीत, ओढ्याकाठी येऊन राहायचे. जागा घेरायची, तिथे मेलेल्यांना पुरायचं, प्रार्थनेसाठी एखादी झोपडी बांधायची. दगडी चर्च पुष्कळ नंतर आलं. त्यामुळे कितीतरी जुन्या ठिकाणी आवाराची भिंत अजूनही गोल किंवा लंबगोल आहे, आणि आतलं चर्च त्या गोलाशी फारसं जुळवून घेत नाही. आत यू नावाचे जुनाट, काळपट हिरवे वृक्ष असतात. ल्लानगेर्निउच्या आवारातल्या यू वृक्षाचं वय तर हजारो वर्षांत सांगतात. आकड्यावर वाद आहे, पण झाड आतलं चर्च बांधलं जाण्याच्या कितीतरी आधीचं आहे, याबद्दल फारसं कुणाचं दुमत नाही.

घेरलेल्या जागेला त्या संताचं नाव मिळालं आणि गावांची नावं तयार झाली. डेवी म्हणजे संत डेव्हिड, त्याचं ल्लान ते ल्लानदेवी. (आपल्याकडे वाचणाऱ्याला इथे हमखास देवी आठवणार, तेव्हा पहिल्या उल्लेखाला खुलासा करावा.) टेइलोचं ते ल्लानडेइलो, मेरीचं म्हणजे माइरचं ते ल्लानवाइर, देवदूत मायकेलचं म्हणजे मिहांगेलचं ते ल्लानविहांगेल. 'ल्लान' स्त्रीलिंगी असल्यामुळे त्यामागून येणाऱ्या नावाचं पहिलं व्यंजन मऊ होतं : 'म'चा 'व', 'ट'चा 'ड'. मराठीत विभक्ती लागताना शब्दाची शेपटी बदलते, पुण्याला, नाशकात. वेल्शमध्ये बदल शब्दाच्या तोंडाशी होतो. हे एकदा ध्यानात आलं की नकाशावरची निम्मी नावं आपोआप उलगडतात.

सगळ्याच ल्लानांमागे संत नसतो, आणि तुमचं गाव त्यांतलंच आहे. ल्लानिउख्लिनची फोड ल्लान + इउख + ल्लिन. इउख म्हणजे वर, ल्लिन म्हणजे तळं. तळ्याच्या वरच्या अंगाचं ल्लान. हे तळं म्हणजे ल्लिन टेगिद, वेल्समधलं सगळ्यात मोठं नैसर्गिक सरोवर, साधारण सहा किलोमीटर लांब. त्याच्या एका टोकाला बाला हे बाजाराचं गाव, दुसऱ्या टोकाला ल्लानिउख्लिन, आणि मागे आरान डोंगराची रांग. इथलं चर्च संत डेइनिओलचं आहे, पण गावाच्या नावात संत नाही, तळं आहे. काही नावांत तर ल्लानच नकली असतं. ल्लानकार्वान मुळात नान्टकार्वान होतं. नान्ट म्हणजे ओढा किंवा ओढ्याची दरी. आजूबाजूला इतकी ल्लानं की लोकांच्या तोंडी ओढ्याचंही ल्लान होऊन गेलं. म्हणून नावाचा अर्थ लावण्याआधी त्याचं जुनं रूप पाहून घेणं बरं.

आता 'वाडी'बद्दल. तुमच्या मनात हा शब्द आला ते काही उगाच नाही. संस्कृत 'वाट' म्हणजे कुंपण, कुंपणातली जागा. त्यातूनच आपले वाडा आणि वाडी आले. कोकणात नारळी-पोफळीच्या बागेला वाडी म्हणतात, धनगर आपल्या मेंढरांच्या मुक्कामाला वाडा म्हणतात, आणि शे-पन्नास घरांची वस्तीही वाडीच. घेरलेली जमीन, बाग, जनावरांची जागा, वस्ती हा सगळा प्रवास ल्लाननेही केला आहे. वेल्शमधले जोडशब्द पाहा. पेर्ल्लान म्हणजे फळबाग. ग्विन्ल्लान म्हणजे द्राक्षमळा. अद्लान म्हणजे कापणीनंतर धान्याच्या पेंढ्या रचून ठेवायची जागा, जवळजवळ आपली खळवाडीच. आणि कोर्लान म्हणजे मेंढ्यांची घेरलेली जागा.

या कोर्लानवर थोडं थांबायला हवं, कारण डोंगराळ वेल्समधल्या गावाच्या वर्णनात तो येणारच. गावाभोवतीची कुरणं दगडी बांधांनी घेरलेली असतात, पण वरचा डोंगर मोकळा. तिथे चार-पाच शेतांच्या मेंढ्या एकत्र चरतात. लोकर कातरायच्या वेळी शेजारीपाजारी मिळून, कुत्र्यांच्या मदतीने सगळा डोंगर झाडून मेंढ्या खाली आणतात. मग प्रश्न येतो कुणाची कुठली. उत्तर मेंढीच्या कानात असतं. प्रत्येक शेताची कानाला चिरे पाडायची आपली खूण ठरलेली, आणि ती खूण पिढ्यान्‌पिढ्या शेताबरोबर चालत येते. अशा एका चिरेला 'बुल्ख' म्हणतात. डोंगरातल्या खिंडीलाही बुल्खच, आणि भिंतीला पडलेल्या खिंडारालाही. कार्नेदाइ डोंगरांत काही जुने कोर्लान असे आहेत की मधे एक मोठं आवार आणि त्याला लागून चहूबाजूंनी लहान लहान कप्पे, सगळं चुन्याशिवाय नुसते दगड रचून केलेलं. मेंढ्या आधी मधल्या आवारात कोंडायच्या, कान पाहायचे आणि ज्याची त्याच्या कप्प्यात ढकलायची. वरून पाहिलं तर ते बांधकाम म्हणजे तिथल्या शेजाराचा नकाशाच वाटतो.

कोर्लानला मराठीत तयार शब्द आहे आणि तो तुम्ही बिनदिक्कत वापरा : मेंढवाडा. मराठी बायबलमध्ये योहानाच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात तो येतो, आणि वेल्श बायबलमध्ये त्याच अध्यायात कोर्लान आहे. हे वेल्श बायबल 1588 सालचं. ते भाषांतर करणारे विल्यम मॉर्गन स्वतः एका ल्लानचेच, म्हणजे ल्लानर्‍हाइआडर-अम-मोख्नान्टचे, पाद्री होते. घराघरात वाचलं जाणारं हे पुस्तक नसतं तर वेल्श आज एवढी शाबूत राहिली असती का, याची मला शंकाच वाटते. 'कोंडवाडा' मात्र नको. तो मोकाट जनावरं अडकवून दंड वसूल करायचा. त्याला वेल्शमध्ये 'फाल्ड' असा वेगळा शब्द आहे.

मग जोडशब्दांत वाडा-वाडी इतकी चपखल बसते तर गावाच्या नावातही वाडीच का नको? नको, कारण तिथे नातं उलटं होतं. मराठीत वाडी ही मोठ्या गावाच्या पोटातली. गावठाण एकीकडे, वाड्या आजूबाजूला. वाडीचा माणूस गावात येतो. वेल्समध्ये ल्लान हे मध्यवर्ती ठिकाण, आणि विखुरलेली असतात ती शेतं. जुन्या डोंगरी वेल्समध्ये दाटीवाटीचं गाव असं फारसं नव्हतंच. प्रत्येकाचं घर आपापल्या शेतात, एकमेकांपासून हाकेपलीकडे, आणि मधे चर्चचं आवार, त्याच्या कडेला चार घरं. त्या घरांच्या नावांतही जमीन बोलते. 'हेन्ड्रे' म्हणजे खालचं, हिवाळ्यातलं जुनं घर. 'हावोद' म्हणजे उन्हाळ्यात गुरं घेऊन राहायचं डोंगरावरचं घर. मे महिन्याच्या एक तारखेला वर जायचं, नोव्हेंबरच्या एक तारखेला खाली यायचं, अशी रीत होती. ती रीत संपली, पण शेतांची नावं राहिली, आणि माणसाला त्याच्या शेताच्या नावाने ओळखायची सवयही राहिली. गाव या अर्थाचा नेहमीचा वेल्श शब्द 'पेन्ट्रेव्ह', म्हणजे पेन (टोक किंवा डोकं) अधिक ट्रेव्ह (वस्ती). तो आला की खुशाल 'गाव' लिहा. ल्लानच्या जागी वाडी लिहिलीत तर वाचकाच्या मनात मध्यवर्ती ठिकाणाची आडवळणाची वस्ती होऊन बसेल.

नुसता 'अ ल्लान' आला तर मात्र प्रत्येक वाक्य तपासावं लागतं. कधी तो सरळ गावाचा अर्थ देतो. ब्लाइनाइ फेस्टिनिओगजवळच्या ल्लान फेस्टिनिओगला लोक नुसतं 'ल्लान' म्हणतात, तिथे 'गाव' किंवा 'ल्लान' काहीही चालेल. कधी मात्र 'ल्लान' हे 'कापेल'च्या विरुद्ध उभं असतं, आणि तिथे भाषांतर चुकलं तर दोन शतकांचा इतिहास हातातून निसटतो.

झालं असं, की अठराव्या-एकोणिसाव्या शतकात वेल्समधली बहुसंख्य मंडळी इंग्लंडच्या अधिकृत चर्चमधून बाहेर पडली आणि त्यांनी आपापली साधी प्रार्थनाघरं, म्हणजे कापेल, बांधली. नव्या वस्त्या मग कापेलांभोवती वाढल्या, आणि त्यांना नावंही बायबलमधली मिळाली : नेबो, सालेम, हेब्रॉन. दगडी पाट्यांच्या खाणींसाठी प्रसिद्ध असलेल्या बेथेस्डाला तर 1820 साली बांधलेल्या कापेलवरून नाव पडलं. म्हणजे नाव ल्लानने सुरू होत असेल तर गाव बहुधा मध्ययुगातलं, आणि बायबलमधलं असेल तर बहुधा गेल्या दोनशे वर्षांतलं. नकाशावर कालगणना करायची इतकी सोपी सोय दुसऱ्या एखाद्या देशात माझ्या तरी पाहण्यात नाही.

तुमच्या गावाला हे नेमकं लागू पडतं. 1858 साली ल्लानिउख्लिनमध्ये जन्मलेले ओ. एम. एडवर्ड्स यांनी आपल्या लहानपणच्या शाळेला 'इस्गोल अ ल्लान' म्हटलं आहे. याचं 'गावची शाळा' हे भाषांतर ओघवतं वाटेल, पण चुकेल. ती अधिकृत चर्चने चालवलेली शाळा होती. गाव कापेलवाल्यांचं, बोली वेल्श, आणि शाळेत सगळं इंग्रजीतून. जो मुलगा वेल्श बोलताना सापडेल त्याच्या गळ्यात लाकडी तुकडा अडकवायचा, त्याने तो पुढच्या सापडलेल्याच्या गळ्यात घालायचा, आणि दिवस संपताना ज्याच्या गळ्यात असेल त्याला मार. एडवर्ड्सच्या गळ्यातही तो पडला होता. हेच गृहस्थ 1907 साली वेल्समधल्या शाळांचे मुख्य निरीक्षक झाले आणि शाळांत वेल्शला जागा मिळवून देण्यासाठी झटले. त्यांचे चिरंजीव इवान आब ओवेन एडवर्ड्स यांनी 1922 साली 'इर्द' ही वेल्शभाषक मुलांची संघटना काढली, ती आजही जोरात चालू आहे. बापलेकांचे पुतळे ल्लानिउख्लिनमध्येच आहेत, आणि गावाचा रोजचा व्यवहार अजूनही मुख्यतः वेल्शमध्ये होतो. म्हणून 'इस्गोल अ ल्लान'चं मराठी 'चर्चची शाळा' असंच करा. या दोन शब्दांत शाळा कुणाची आणि कुणासाठी, हे सगळं आलेलं आहे.

राहिला लिहिण्याचा प्रश्न. रोमन लिपीत 'ल्लान'ची सुरुवात दोन 'एल'नी होते, आणि वेल्श वर्णमालेत हे दोन 'एल' मिळून एकच अक्षर धरतात. ल्लानवाइरपुल या गावाच्या जगप्रसिद्ध लांबलचक नावात रोमन अक्षरं 58 आहेत, पण वेल्श माणूस मोजेल तर 51च. उच्चार करायचा तर जीभ 'ल'च्या जागी टेकवा आणि आवाज न काढता जिभेच्या कडांनी हवा सोडा. मराठीच्या कानाला त्यातल्या त्यात जवळचा 'ल्ह', कोल्ह्यातला. पण तो आपण घोगरा, आवाजासकट काढतो, आणि 'ल्हान' लिहिलं की बोलीतलं 'ल्हान पोर' डोळ्यांपुढे येतं. त्यापेक्षा 'ल्लान' बरं : निदान वाचणारा थबकतो आणि हा नेहमीचा 'ल' नाही एवढं त्याला कळतं. शब्दाच्या मधे मात्र जोडाक्षर फार जड होत असेल तर साधा 'ल' लिहावा. ल्लानिउख्लिनमध्ये मी तेच केलं आहे.

शेवटी एक सावधगिरी. वर सांगितलेलं मऊ होणं खुद्द ल्लानलाही लागू आहे. 'ला' आणि 'हून' या अर्थाच्या अव्ययांनंतर ल्लानचं 'लान' होतं. त्यामुळे वेशीवरच्या पाटीवर 'क्रोइसो इ लानिउख्लिन', म्हणजे 'ल्लानिउख्लिनला स्वागत', असं दिसेल, आणि मूळ मजकुरात हेच गाव दोन वेगळ्या स्पेलिंगांनी सापडेल. दोन्ही एकच. मराठीत सगळीकडे ल्लानिउख्लिनच ठेवा, नाहीतर वाचक दुसरं गाव शोधत बसेल.