बोट मुंबईला लागल्यावर पुढं काय?

सांगली

चि. बाळ, अनेक उत्तम आशीर्वाद.

कोल्हापूरजवळच्या गांधीनगरच्या सिंधी आजोबांवर लिहिलेलं तू पाठवलंस, ते वाचलं. कराचीतलं घर, दाराला लावलेलं कुलूप, बंदरावरची रेटारेटी, सगळं डोळ्यांपुढं येतं. हात चांगला आहे तुझा. पण बोट मुंबईला लागते आणि लेख संपतो. आजोबा तेव्हा पोरसवदा होते, आता नव्वदीला टेकलेत. मधलं सगळं आयुष्य गेलं कुठं?

निर्वासितांवर लिहिणारे बहुतेक जण असंच करतात. पळून येण्यात थरार असतो, बस्तान बसवण्यात नसतो. वाचणाराही डोळे पुसून मोकळा होतो. मला मात्र पुढचं वाचायचंय. मराठीत पहिला सौदा कसा केला? उधारीवर माल कुणी दिला? कुणी हाकलून लावलं? आपल्याकडं लग्न ठरलं की बस्त्याला लोक गांधीनगर गाठतात. तो बाजार कसा उभा राहिला, हे त्या काउंटरमागं जन्म घालवलेल्या माणसाला नाही विचारायचं, तर कुणाला?

गांधीनगरच्या जागेचीही चौकशी कर. मिरज-कोल्हापूर गाडीतून जाताना वळिवडे स्टेशन लागतं ना, तिथं दुसऱ्या महायुद्धात पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. सुमारे ५ हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. सोव्हिएत राजवटीनं १९४०-४१ मध्ये त्यांना घरांतून उचलून मालगाड्यांतून सायबेरिया, कझाकस्तानकडं नेलं होतं. १९४१ मध्ये जर्मनीनं रशियावर हल्ला केला, तेव्हा कुठं सुटकेची वाट निघाली. मग कॅस्पियन समुद्रातून इराण, तिथून कराची आणि १९४३ मध्ये वळिवडे. बराकींत त्यांनी शाळा काढल्या, चर्च उभारलं, मुलांची स्काउट पथकं चालवली. काही मुलं आपल्या पाचगणीलाही होती.

युद्ध संपलं तरी त्यांना गावी जाता येईना, कारण पोलंडचा पूर्व भाग सोव्हिएत संघात गेला होता आणि कित्येकांची घरं नेमकी तिथलीच. १९४७-४८ मध्ये छावणी उठली. कुणी ब्रिटनला गेलं, कुणी ऑस्ट्रेलियाला, कुणी आफ्रिकेत. मग त्याच बराकींत सिंधी कुटुंबं आली. पोलिश लोक ज्या कराचीत उतरले, ती कराची सोडून आलेली माणसंही त्यांत होती. हे लेखात जरूर घाल, पण त्यावर सुस्कारे नकोत. नुसतं सांगितलंस तरी पुरे.

आणखी एक. फाळणीत पंजाब आणि बंगाल यांचे तुकडे झाले, सिंध मात्र अख्खा पाकिस्तानात गेला. त्यामुळं सिंध्यांना इकडं स्वतःचा प्रांत उरला नाही. आजोबांना विचार, नातवंडांशी कुठल्या भाषेत बोलता? माझा अंदाज, तुझा खरा लेख या प्रश्नापासून सुरू होईल.

बहिणीचा विषय निघाल्यावर ते गप्प झाले, असं तू लिहिलंयस. इथवर ठीक. पुढं तिचं काय झालं असावं, याचा तू तर्क लढवलायस. तो परिच्छेद काढून टाक. त्यांना सांगायचं नाही, तर ते आपण सांगायचं नाही.

पुण्यात शिकणाऱ्या त्या अफगाण मुलीवरही लिहिणार म्हणतेस. तिथं फार जप. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल तालिबानच्या हाती गेलं आणि तिचे आईवडील अजून तिथंच आहेत. नाव बदलून भागत नाही. कॉलेज, मोहल्ला, वडिलांचा धंदा एवढं जुळलं की माणूस हुडकता येतो. शिवाय १९५१ च्या निर्वासितांविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताची सही नाही, आणि आपल्याकडं निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. तिचं इथलं राहणं व्हिसाच्या कागदावर टांगलेलं. तिच्या तोंडचं एखादं जळजळीत वाक्य छापलंस, तर वाहवा तुला मिळेल आणि कचेऱ्यांच्या चकरा तिच्या वाट्याला येतील. आज हो म्हणालेली मुलगी महिन्यानं नको म्हणाली, तर लेख बाजूला ठेवायचा. कुरकुर न करता.

आजोबांना मात्र छापण्याआधी अख्खा लेख वाचून दाखव, आणि तोही आधी एकट्यांना. घरची माणसं भोवती जमली की म्हातारी माणसं भलतंच सांगायला लागतात, मीही त्यातलाच. रेकॉर्डिंगची एक प्रत त्यांच्या घरी दे. लग्नसराईत जाऊ नकोस, दुकानात कुणाला बोलायला उसंत नसते. दुसरा खर्डा झाला की पाठव, आणि या वेळी ऱ्हस्व-दीर्घाकडं जरा बघ, पानापानावर चुका आहेत.