छापल्या किती, खपल्या किती?

वाचकांचे प्रश्न : या वेळी इटलीतला मोन्दादोरी प्रकाशनसमूह

प्रश्न : मोन्दादोरी हा इटलीतला सर्वांत मोठा पुस्तक-प्रकाशक. तरी जानेवारी ते मार्चच्या तिमाहीत त्यांच्या हिशेबात तोटा दिसतो. धंदा बसत चाललाय का? (पुणे)

उत्तर : नाही. हा तोटा शालेय पुस्तकांमुळे दिसतो आणि एरवीही याच तिमाहीत दिसतो. इटलीत बालभारतीसारखी सरकारी संस्था पाठ्यपुस्तकं छापत नाही. ती खाजगी प्रकाशक काढतात आणि कोणतं लावायचं हे शाळेतले शिक्षक मे महिन्यात ठरवतात. प्राथमिकच्या मुलांना पुस्तकं फुकट मिळतात, पुढच्या वर्गांत पालकांच्या खिशाला चाट. त्यामुळे मेच्या आधी प्रकाशकांचे प्रतिनिधी शाळाशाळांतून नमुना प्रती वाटत हिंडतात, छपाईची बिलं चढतात, पगार चालूच असतात. पैसा मात्र सप्टेंबरात शाळा उघडण्याच्या सुमारास येतो. 2021 मध्ये दे अगोस्तिनी स्कूओला ही शालेय पुस्तकांची कंपनी विकत घेतल्यावर समूहात शालेय पुस्तकांचं वजन वाढलं, तसा हा हेलकावाही. मार्चची तुलना आदल्या वर्षीच्या मार्चशीच करावी. डिसेंबरशी केलीत तर फसाल, कारण त्यात नाताळच्या भेटींची विक्री असते.

प्रश्न : इटालियन कादंबऱ्यांभोवती ‘एक लाख प्रती’ अशी कागदी पट्टी गुंडाळलेली असते. ती खरी मानायची का? कंपनीच्या उलाढालीशी तिचा मेळ कसा घालायचा? (बंगळुरू)

उत्तर : पट्टीवर ‘प्रती’ एवढंच असेल, तर छापलेल्या की विकलेल्या हे आधी विचारा. एक काल्पनिक हिशेब मांडू. 10,000 प्रती छापल्या. 7,000 दुकानांत गेल्या, 3,000 गोदामात राहिल्या. न खपलेली पुस्तकं दुकानदार परत पाठवतो आणि ती रक्कम त्याच्या खात्यात जमा होते. काही महिन्यांनी 2,600 प्रतींचे गठ्ठे परत आले. म्हणजे खरा खप 4,400.

आता लेखकाचं मानधन. छापील किंमत 20 युरो, त्यात 4 टक्के कर धरलेला. तो काढला की 19.23 उरतात. यावर 8 टक्के मानधन ठरलं असेल तर प्रतीमागे दीड युरोच्या किंचित वर. 4,400 प्रतींवर सुमारे 6,770 युरो होतात. कोणी 7,000 प्रती धरल्या, तर नेमका 4,000 युरोंचा घोळ! कंपनीलाही हाच फटका बसतो. परत येणाऱ्या मालाचा अंदाज बांधून तो आधीच वजा करावा लागतो. अंदाज कमी धरला, तर यंदाचं वर्ष गुटगुटीत दिसतं आणि पुढचं वाळतं.

उलाढालीबाबत दोन चुका नेहमी होतात. बाजारपेठेचे आकडे दुकानाच्या गल्ल्यावरचे, ग्राहकाने मोजलेल्या किमतीचे असतात. प्रकाशकाच्या हिशेबात दुकानाचं कमिशन वजा होऊन आलेली रक्कम असते. एकाला दुसऱ्याने भागून हिस्सा काढू नका. (सर्वसामान्य वाचकांच्या पुस्तकांत मोन्दादोरीचा हिस्सा चतुर्थांशाहून थोडा अधिक आहे, तो गल्ल्यावरचा.) दुसरी चूक समूहाची एकूण रक्कम पुस्तकांची समजण्याची. 2023 ची उलाढाल 90 कोटी युरोंच्या थोडी वर होती, पण तीत पुस्तकांची दुकानं, मासिकं आणि ‘जाल्लो झाफ्फेरानो’ हे पाककृतींचं संकेतस्थळही आहे. अहवालात पुस्तकांची ओळ वेगळी असते, तीच वाचा.

प्रश्न : आपल्याकडे प्रदर्शनात 25-30 टक्के सवलत सहज मिळते. इटलीत का नाही? (मडगाव)

उत्तर : कायदा आड येतो. 2011 च्या कायद्याने सवलतीला 15 टक्क्यांची मर्यादा घातली, 2020 मध्ये ती 5 टक्क्यांवर आणली; शालेय पुस्तकांना 15 टक्के राहिली. ऑनलाइन दुकानांनाही हेच लागू. प्रकाशक वर्षातून एक महिना 20 टक्क्यांपर्यंत सूट देऊ शकतो, पण डिसेंबरात नाही आणि सहा महिन्यांच्या आतल्या पुस्तकावर नाही. विकत घ्यायची असतील तर ती मोहीम गाठा.

प्रश्न : आमच्या ग्रंथालयासाठी यादी करतोय. एकाच समूहाची पुस्तकं वेगवेगळ्या नावांनी का येतात, आणि ‘नवी पुस्तकं’ मोजायची कशी? (मुंबई)

उत्तर : मोन्दादोरीच्या छत्राखाली एइनाउदी, पिएम्मे, स्पर्लिंग अँड कुप्फर आणि 2016 पासून रित्सोलीही आहेत. रित्सोली घेताना स्पर्धा आयोगाच्या अटीमुळे बोंपियानी आणि मार्सिलिओ विकावे लागले. ही दोन नावं या समूहात धरू नका. 2024 चा स्त्रेगा हा इटलीतला नावाजलेला साहित्य पुरस्कार एइनाउदीच्या कादंबरीला मिळाला, म्हणजे पर्यायाने याच घराला.

पाठीवरचा आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख-क्रमांक) पाहिला की काम सोपं होतं : 978-88 नंतर 04 असेल तर मोन्दादोरी, 06 एइनाउदी, 17 रित्सोली. मालक बदलला तरी जुन्या पुस्तकावरचा क्रमांक बदलत नाही. मोजताना मात्र जपून. 1965 मध्ये वर्तमानपत्रांच्या स्टॉलवर सुरू झालेल्या ‘ऑस्कर’ या स्वस्त मालिकेत जुनं पुठ्ठाबांधणीचं पुस्तक आलं की त्याला नवा क्रमांक मिळतो आणि मोजणीत ते नवं ठरतं. शीर्षक आणि लेखक जुळवून अशा जोड्या आधी काढा, मग बेरीज करा.